चंद्र बघून पेरायचे, की वाफसा बघून?

सध्या गच्चीवरच्या कुंड्यांपासून सेंद्रिय शेतीच्या शिबिरांपर्यंत एक कॅलेंडर फिरते आहे. शुक्ल पक्षात पालेभाज्या-फळभाज्या लावा, कृष्ण पक्षात मुळा-गाजर लावा, अमावस्येला मातीला हात लावू नका. वस्तीतल्या विहारामागे आम्ही भाजीचे वाफे केले, तेव्हा ते आमच्याही मोबाईलवर आले. पाठवणारा आपलाच कार्यकर्ता. "हे पंचांग नाही, विज्ञान आहे," असे त्याचे म्हणणे. म्हणूनच उत्तर देणे भाग आहे.

हे 'विज्ञान' आले कुठून? १९२४ साली रुडॉल्फ स्टायनर यांनी तेव्हा जर्मनीत असलेल्या कोबरविट्झ या गावी आठ व्याख्याने दिली. त्यातून बायोडायनॅमिक शेती निघाली. पुढे मारिया थुन यांनी चंद्र कोणत्या राशीत आहे त्यावरून मुळाचे, पानाचे, फुलाचे आणि फळाचे दिवस वाटून दिले. म्हणजे फिरून राशीच! भटजींनी सांगितले की अंधश्रद्धा, आणि तेच युरोपहून आले की विज्ञान?

चंद्र समुद्राला भरती आणतो, मग झाडातला रस का ओढणार नाही, असा एक युक्तिवाद असतो. भरती येते ती पृथ्वीच्या एका बाजूला चंद्राची ओढ जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असते म्हणून. हजारो किलोमीटरच्या अंतरात पडणारा तो फरक वीतभर मेथीच्या देठात किती उरणार? २०२० मध्ये स्पेनमधील व्हॅलेन्सिया विद्यापीठाच्या संशोधकांनी या विषयावरचे संशोधन तपासले. चंद्रकला आणि पिकाची वाढ यांचा विश्वासार्ह संबंध त्यांना आढळला नाही.

पण आमचा खरा आक्षेप पुढेच आहे. तिथी बघून पेरायला वेळ स्वतःच्या हातात असावी लागते. ज्याची विहीर आहे, बैल आहेत, ट्रॅक्टर आहे, तो थांबू शकतो. आमच्या आजी-आजोबांनी गायरान कसले ते दुसऱ्याच्या बैलांवर. मालकाची पेरणी उरकली की औत मिळायचे. त्या दिवशी पुनव असो की अवस, तेवढ्यात पेरून घ्यायचे. तोवर वाफसा गेला की वर्ष गेले. औत वेळेवर मिळाले नाही म्हणून बुडालेली पिके आमच्या घरांत आजही आठवतात. तिथी चुकली म्हणून बुडालेले एकही कोणी सांगत नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, तुरुंग भरले, ते जमिनीसाठी. चांगल्या मुहूर्तासाठी नव्हे.

जुन्या माणसांचे सगळेच टाकाऊ, असे आम्ही म्हणत नाही. मृग निघाला की पेरणीच्या तयारीला लागायचे, हा हिशेब सूर्याचा आहे. सूर्य दरवर्षी ७-८ जूनच्या सुमारास मृगात जातो, आणि आपला पावसाळाही त्याच सुमारास येतो. तरीही मृग निघाला म्हणून लगेच बियाणे मातीत टाकायचे नसते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असे कृषी विभाग सांगतो. बांधावरची म्हातारी तेच मूठभर माती दाबून ओळखते.

"मग आपण पौर्णिमेला विहारात का जातो?" हाही प्रश्न आला, आणि तो रास्त आहे. विनयपिटकातल्या महावग्गात त्याचे उत्तर आहे. इतर पंथांचे लोक पक्षातल्या ठरावीक तिथींना जमतात, त्यांचे ऐकायला माणसे येतात, तसे भिक्खूंनीही जमावे, असे राजा बिंबिसाराने सुचवले आणि भगवंतांनी ते मान्य केले. छापील कॅलेंडर नव्हते; चंद्र ही राजाला आणि रंकाला सारखीच दिसणारी तारीख होती. ग्रह-नक्षत्रांची भाकिते करून, शुभ दिवस सांगून पोट भरणे मात्र दीघनिकायातल्या ब्रह्मजालसुत्तात निषिद्ध यादीत आहे.

त्या कार्यकर्त्याला आम्ही एक वाफा देऊन टाकला आहे. त्याने त्याच्या कॅलेंडरप्रमाणे लावावे, आम्ही वाफसा बघून लावू. बियाणे एकाच पुडीतले, खत सारखे, आणि पाणीही सारखेच द्यायचे असे ठरले आहे. नळाला पाणी एक दिवसाआड येते, त्यामुळे खरी भांडणे त्यावरूनच होतात. पाळीची वही आता विहाराच्या दाराला टांगली आहे.