शेवटच्या कडीतील नाव

दतिया दरवाजा, झाशी
फाल्गुन वद्य पंचमी

चिरंजीव बाळास अनेक उत्तम आशीर्वाद. उपरी विशेष.

तुझे पत्र आणि सोबतची चार गाणी पावली. नोकरीचा राजीनामा देऊन, कोणत्याही कंपनीचा अथवा चित्रपटवाल्यांचा आश्रय न घेता, केवळ एक गिटार आणि स्वतः रचलेली पदे यांच्या बळावर गावोगाव गात हिंडण्याचा जो मनसुबा तू कळविला आहेस, तो वाचून तुझ्या आईच्या जिवाला घोर लागला असला, तरी मला मनापासून आनंद झाला. मात्र या वाटेने तुझ्याआधी जे गेले त्यांची हकीकत ध्यानी घेतल्यावाचून तू निर्णय करू नयेस, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

ज्या मराठी दरबाराच्या आधाराने आपली मंडळी या शहरात स्थायिक झाली, त्या दरबारचे राजे गंगाधरराव नाट्यकलेचे मोठे भोक्ते होते आणि पदरी नाटकशाळा बाळगून होते. 1853 च्या नोव्हेंबरात ते निवर्तले, पुढच्याच वर्षी संस्थान खालसा झाले, आणि जी कला सरकारवाड्याच्या कृपेवर उभी होती तिचा आधार एका हुकुमासरशी गेला. त्याच शतकात याच मुलखात, मऊरानीपूरजवळच्या मेंढकी गावी जन्मलेला ईसुरी नावाचा पुरुष मात्र कोणत्याही दरबाराची मनधरणी न करता फागा, म्हणजे होळीची गाणी, रचीत होता. तो जमीनदाराचा कारिंदा होता. वसुली आणि हिशेब यांवर त्याचा चरितार्थ चाले, आणि म्हणूनच, असे माझे ठाम मत आहे, त्याच्या फागेला कोणाची मर्जी सांभाळावी लागली नाही. त्याच्या फागा धीरे पंडा नावाचा त्याचा साथीदार गात असे, असे लोकपरंपरा सांगते. रचणारा एक आणि गाणारा दुसरा, यात त्याला काही उणे वाटले नसावे.

होळीपासून येथे दरवाजाच्या अलीकडे एका ओट्यावर रोज रात्री फागेची बैठक बसते. ईसुरीची चौकडिया फाग म्हणजे चार कड्यांची, प्रत्येक ओळीत 28 मात्रा आणि सोळाव्या मात्रेवर विश्राम. म्होरक्या पहिली ओळ अगदी संथ, जवळजवळ बोलल्यासारखी सोडतो; त्या विश्रामावर तो क्षणभर थांबतो, तेव्हा ढोलकवाल्याची बोटे चामड्यावर नुसती टेकलेली असतात; मग उरलेल्या बारा मात्रा मंडळी एकमुखाने उचलतात, नगडिया आणि झींका या वाद्यांचा गजर सुरू होतो आणि लय चढत जाते. शेवटच्या कडीत ‘ईसुरी’ हे नाव येते, तेव्हा ते म्होरक्या एकटा उच्चारीत नाही, सारा ओटा उच्चारतो. गाणाऱ्यांत अक्षरओळख नसलेलेही आहेत, आणि कृष्णानंद गुप्त यांच्यासारख्या संग्राहकांनी या फागा पुढे छापून काढल्या हे त्यांच्या गावीही नाही. पण कर्ता कोण याविषयी कोणाच्या मनात तिळमात्र संशय नाही. याउलट, ज्या हरबोल्या गायकांच्या मुखातून झाशीच्या राणीची कथा ऐकल्याचे सुभद्राकुमारी चौहान यांनी आपल्या कवितेत नमूद केले, त्यांतील एकाचेही नाव जनमानसात राहिले नाही. याची हळहळ मला फार वाटते.

हीच नाममुद्रा आपल्याकडे संतांनी आणि शाहिरांनी सांभाळली, आणि आपल्या काळात वामनदादा कर्डक यांनी. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा हा माणूस 1922 साली जन्मला, शाळेचे तोंड न पाहता मुंबईत पडेल ते काम करीत मोठेपणी अक्षरे शिकला, 1943 पासून गाणी रचू लागला आणि 2004 साली देह ठेवीपर्यंत वस्त्यावस्त्यांतून आंबेडकरी विचार गात राहिला. त्यांच्या एका संग्रहाचे नावच ‘हे गीत वामनाचे’ असे आहे. त्यांची गाणी शेकडो गायकांनी उचलली, कित्येकांनी त्यावर आपला संसारही उभा केला. तरी शेवटच्या कडव्यातला ‘वामन’ त्यांना कोणाला गाळता आला नाही, कारण तो गाळला तर वृत्तच मोडते.

ईसुरीच्या फागेला त्याच्या नोकरीनेच मोकळीक दिली, म्हणून तूही राजीनाम्याची घाई करू नकोस. अलीकडचे देशराज पटेरिया, जे 2020 साली गेले, त्यांनीही आरोग्य खात्याची नोकरी सांभाळून छतरपूर आकाशवाणीवरून आणि कॅसेटींतून सारा बुंदेलखंड आपल्या आवाजाने भरून टाकला. कायद्याची बाजूही दुर्लक्षू नकोस: कॉपीराइट कायद्यातील 2012 च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांच्या रॉयल्टीच्या हक्काला बळकटी आली आहे, तेव्हा इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीकडे आपल्या गाण्यांची रीतसर नोंद कर आणि कोणत्याही करारनाम्यावर वकिलाला दाखविल्याशिवाय सही करू नकोस. परंतु कागदोपत्री हक्क शाबीत झाला म्हणून गाणे लोकांच्या तोंडी बसेल असे नाही.

आता तुझ्या गाण्यांविषयी. नदीवरचे गाणे मला अतिशय आवडले. त्यातील वाळू उपशाचे वर्णन ऐकताना मी अस्वस्थ झालो. तथापि त्याच्या दुसऱ्या कडव्यात शब्द कमी पडतात आणि ती उणीव तू गिटारने भरून काढली आहेस, असे माझ्या कानाला जाणवले. वाद्य बाजूला ठेवून, नुसत्या टाळीवर ते कडवे म्हणून पाहा. शिवाय चारही गाण्यांत तुझे नाव कोठेही नाही. ते शेवटच्या कडव्यात असे गुंफ, की काढू म्हटल्यास ओळ लंगडावी. दुरुस्त केलेले गाणे मला टपालाने, कागदावर लिहून पाठव. ध्वनिमुद्रण पाठवू नकोस. तुझा आवाज न ऐकता केवळ शब्दांवरून येथील ओट्यावरची मंडळी त्याला कोणती चाल लावतात, आणि मराठी न येणाऱ्यांच्याही जिभेवर ते कितपत रुळते, हे मला पाहावयाचे आहे. रंगपंचमी उलटली तरी ही माणसे माझ्या शब्दाखातर एक रात्र बसतील.

तुझ्या आईस मी स्वतंत्र पत्र लिहितो. प्रकृतीस जपावे.

तुझा,
काका