दादांचा ओढा

‘डॉक्टर, आता यांना तुम्हीच सांगा,’ हे वाक्य माझ्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा तरी ऐकू येते. कुणाचे वडील ऐंशीव्या वर्षी आगरात शिंपणे करण्याचा हट्ट धरतात, कुणाच्या आईला पहाटेच्या अंधारात देवळाच्या पायऱ्या चढायच्या असतात. मुलांची काळजी खरी असते आणि आईवडिलांची ओढही खरी असते. निवाडा मात्र डॉक्टरने करावा, अशी अपेक्षा असते.

तीन वर्षांपूर्वी हेच वाक्य मला घरच्याच माणसाकडून ऐकावे लागले. माझे थोरले बंधू गेली चाळीस वर्षे अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यात राहतात. तेव्हा त्यांचे वय ७३ होते. हृदयाच्या रक्तवाहिनीत एक स्टेंट, एक गोळी रक्तदाबाची, एक रक्तात गुठळी होऊ नये म्हणून. वहिनींना जाऊन दोन वर्षे झाली होती. त्या हिवाळ्यात दादा न्हाणीघरात घसरले आणि त्यांचे मनगट मोडले. हाड जुळताच ते पुन्हा मासे धरायला डोंगरातल्या ओढ्यावर निघाले, तेव्हा पुतणीचा फोन आला. “काका, बाबा एकटेच जायचं म्हणताहेत. तुमचं तरी ऐकतील.”

मे महिन्यात माझे तिकडे जाणे ठरलेलेच होते. “त्यांना काही सांगण्याआधी मी एकदा त्यांच्याबरोबर जाऊन येतो,” एवढेच मी तिला म्हणालो.

तो ओढा ब्लू रिज पर्वतातल्या शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानात आहे. मिल प्राँग त्याचे नाव. रस्त्यावर गाडी ठेवून सुमारे दोन मैल जंगलातून उतरत गेले की तो दुसऱ्या एका ओढ्याला मिळतो आणि रॅपिडान नदी सुरू होते. याच संगमावर राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनी १९२९ साली मासेमारीसाठी आपला तळ उभारला होता. त्यातील काही लाकडी घरे अजून उभी आहेत.

या पाण्यात ब्रूक ट्राउट नावाचा मासा राहतो. वीतभर लांबीचा, पाठीवर नागमोडी नक्षी, अंगावर निळ्या वलयातले तांबडे ठिपके आणि परांना पांढरी किनार. त्याला थंड, स्वच्छ, खळाळते पाणी लागते. पाण्याचे तापमान २० अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्याचा जीव कासावीस होतो. म्हणून ऐन उन्हाळ्यात जाणती माणसे त्याच्या वाटेला जात नाहीत.

आमच्या कोकणात गळ टाकून मासे धरण्याला ‘गरवणे’ म्हणतात. लहानपणी दादा गांडूळ लावून गरवीत. इथली रीत निराळी आहे. फ्लाय फिशिंगमध्ये पिसे आणि दोरा गुंडाळून गळालाच माशीचे रूप देतात. ही माशी इतकी हलकी असते की ती फेकता येत नाही. वजन असते ते दोरीला. काठी मागे-पुढे झुलवून दोरी हवेत उलगडायची आणि माशी अलगद पाण्यावर उतरवायची. मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून माणसाने खालच्या अंगाने, सावली पडू न देता, हळूहळू पुढे सरकायचे असते. लागलेला मासा ओल्या हाताने, शक्यतो पाण्यातच धरून, लगेच सोडून द्यायचा. आमच्या आईला हे शेवटचे कलम मुळीच पटले नसते!

आदल्या रात्री मी दादांचा रक्तदाब आधी झोपवून आणि मग उभे करून तीन मिनिटांत पुन्हा मोजला. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरला, तर खडकावरून उठताना भोवळ येण्याचा धोका असतो. त्यांचा फारसा उतरला नाही. दुसऱ्या दिवशी ओढ्यावर मी मासे पाहिलेच नाहीत. दादांना पाहत होतो. ते खडकावर बसले, चष्मा लावला आणि गळाच्या बारीक नेढ्यातून दोरा ओवला. तिसऱ्या प्रयत्नात जमले. शेवाळलेल्या दगडांवर पाय टाकण्याआधी ते काठीने तळ चाचपत. पाणी गुडघ्याच्या वर असेल तिथे उतरत नसत. आधीचे पाऊल स्थिर झाल्याशिवाय पुढचे उचलत नसत. न्हाणीघरात त्यांनी इतकी सावधगिरी कधी बाळगली नव्हती, हे मी मनाशी नोंदले.

दुपारी डबा खाताना ते आपणहून बोलले. “घरी जो येतो तो विचारतो, कसं वाटतंय? इथे कुणी विचारत नाही. तीन-चार तास मी कुणाचा पेशंट नसतो, विधुर नसतो.” मी काही बोललो नाही. परतीच्या वाटेवर सुमारे अडीचशे मीटरचा चढ आहे. त्या चढावर ते चार वेळा बसले. छातीत दुखले नाही, बोलताना धाप लागली नाही.

त्या रात्री आम्ही तिघे जेवणाच्या मेजाभोवती बसलो. न्हाणीघरात आधाराचे दांडे आणि न घसरणारी चटई बसवावी, हे पहिले ठरले. ज्येष्ठांच्या पडण्याचा मोठा वाटा घरातच घडतो. मग ओढ्याचे नियम केले. एकट्याने जायचे नाही. त्या दरीत फोन लागत नाही, म्हणून कुठे जाणार आणि किती वाजता परतणार हे लिहून ठेवायचे. जिभेखाली ठेवायची गोळी खिशात असावी. गळ डोळ्याला लागू नये म्हणून चष्मा असावा. गुठळी रोखणाऱ्या गोळीमुळे जखम लवकर थांबत नाही, म्हणून दाबून बांधायची पट्टी जवळ ठेवावी. घरी आल्यावर अंगावर गोचीड आहे का ते तपासावे. त्या भागात गोचिडीपासून लाइम रोग होतो.

शेवटचा नियम दादांनी स्वतः सांगितला. “ज्या दिवशी चष्मा लावूनही माशी दोऱ्याला बांधता येणार नाही, किंवा चढावर पाचापेक्षा जास्त वेळा बसावं लागेल, त्या दिवसापासून मी इथे येणार नाही. मला कुणी थांबवायची गरज नाही.” पुतणीने तो नियम आपल्या हाताने वहीत लिहिला. लिहिताना तिचे डोळे भरून आले होते.

वाचकहो, आपल्याकडे आगर असेल, देवळाच्या पायऱ्या असतील, बाजारहाट असेल. आपल्या घरातील ज्येष्ठांना त्या गोष्टीतून काय मिळते, ते आधी विचारा. त्यांच्याबरोबर एकदा जा आणि नुसते पाहा. धोका नेमका कुठे आहे ते शोधा; तो बहुधा आपण समजतो तिथे नसतो. तेवढाच धोका कमी करा. आणि कधी थांबायचे याची खूण त्यांची प्रकृती चांगली असतानाच, त्यांच्याच तोंडून ठरवून घ्या. आजारपणात घेतलेला निर्णय घरादाराला कडू लागतो.

यंदाच्या एप्रिलमध्ये दादांचा फोन आला. चढावर सहा वेळा बसावे लागले, असे ते म्हणाले. माझ्याआधी त्यांनी ते मुलीला सांगितले होते. त्यांच्या डॉक्टरांनी तपासून औषधात थोडा बदल केला. पण मिल प्राँगची वाट दादांनी सोडली ती सोडलीच. आता दर पंधरवड्याला पुतणी त्यांना रस्त्यालगतच्या एका सपाट ओढ्याकाठी घेऊन जाते. तिथे मासे कमी आहेत. ती खुर्ची मांडते, दादा माशी बांधतात, आणि दोरी कशी झुलवायची ते तिला शिकवतात.