मला करमत नाही

चऱ्होलीत राहावयास येऊन मला अठरा वर्षे झाली. १९९७ मध्ये हे गाव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले आणि इंद्रायणीकाठच्या शेतांतून हळूहळू इमारती उभ्या राहिल्या. पहाटे आळंदीच्या वाटेने निघालेल्यांच्या टाळांचा आवाज येतो; त्याच सुमारास चाकण-भोसरीच्या कारखान्यांतून रात्रपाळी संपवून परतणाऱ्या बसगाड्याही येतात.

चार वर्षांपूर्वी आई गेली. त्यानंतर कित्येक महिने मला धड झोप लागली नाही. पुस्तक उघडावे, एकच पान तीनतीनदा वाचावे आणि मिटून ठेवावे, असे चालले होते. अध्यापन सवयीने होत होते. कोणी विचारले, तर ‘उत्तम आहे’ हे उत्तर तयार असे. ज्याने आयुष्यभर शब्दांचा अभ्यास केला, तोच एका शब्दाआड लपून बसला होता.

एका रविवारी संपर्कसत्रानंतर एक विद्यार्थी मागे थांबला. चाकणच्या कारखान्यात पाळीने काम करणारा, वयाने पस्तिशीचा. “सर, स्वाध्याय राहिलेत. फार टेन्शन आहे,” तो म्हणाला. “वेळेचे नियोजन करा, म्हणजे होईल,” मी म्हणालो. त्याने मान हलवली आणि तो निघून गेला. पुढच्या दोन सत्रांना तो आला नाही.

घरी हे सांगितले, तेव्हा पत्नी म्हणाली, “त्यानं निदान तोंड तरी उघडलं. आई गेल्यापासून तुम्हांला करमत नाही, हे तुम्ही एकदा तरी बोललात का?”

त्या रात्री ते वाक्य माझ्या मनात घोळत राहिले. ‘मला करमत नाही.’ या वाक्यात कर्ता शोधू गेल्यास सापडत नाही. ‘उजाडले’, ‘सांजावले’, ‘मला मळमळते’ या वाक्यांतील क्रियापदांना आपले व्याकरण भावकर्तृक म्हणते. ‘करमणे’ त्यांच्याच जातीचे. येथे ‘मी’ नाही, ‘मला’ आहे. ‘मला भीती वाटते’, ‘मला वाईट वाटते’ यांतही अनुभव घेणारा चतुर्थीत उभा असतो. दुःख माणसाकडे येते. माणूस म्हणजे दुःख नव्हे. उलट ‘तो वेडा आहे’ असे म्हणताच एक विशेषण माणसाला कायमचे चिकटते. या चिकटण्याच्या भीतीनेच आपण गप्प राहतो, आणि नाइलाजाने ‘टेन्शन’ हा सोयीचा शब्द पुढे करतो. त्यात कर्जाची चिंता, निद्रानाश, शोक, परीक्षेची धास्ती असे सारेच मावते. म्हणून ऐकणाऱ्याला नेमके काहीच कळत नाही.

व्याकरणाने माझा आजार बरा झाला नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्याने एवढेच झाले की, मी मानसोपचारतज्ज्ञांसमोर बसलो आणि पहिले वाक्य उच्चारू शकलो. काही महिने औषधे घेतली. सायंकाळी नदीकाठी चालण्याचा क्रम ठेवला. झोप परतली, मग वाचनही परतले.

चालताना वाटे, याच नदीच्या वरच्या अंगाला देहू आहे. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांनी घरची माणसे गमावली. त्यांनी आपल्या मनाची तळमळ झाकली नाही. अभंगांतून स्वतःशीच वाद मांडला. समर्थांनी २०५ श्लोक मनालाच उद्देशून रचले. मनाशी बोलण्याची परंपरा आपल्याकडे एवढी जुनी असताना, शेजारच्या माणसाशी त्याविषयी बोलताना मात्र आपली जीभ अडते.

त्या विद्यार्थ्याला मी दूरध्वनी केला. “नियोजनाचे राहू द्या. झोप लागते का?” असे विचारले. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “नाही, सर. घरात कुणाला सांगितलं नाही.” त्या दिवशी आम्ही अभ्यासाविषयी अवाक्षरही काढले नाही. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक मी त्याला दिला. तेथे मराठीतूनही बोलता येते. त्या वर्षी त्याची परीक्षा राहिली. पुढच्या वर्षी त्याने ती दिली.

आपणांपैकी अनेकजण नोकरी, संसार आणि पाळ्या सांभाळून ही पुस्तिका वाचत असाल. कधी अक्षरे डोळ्यांपुढून नुसतीच सरकू लागली, तर स्वतःला आळशी ठरविण्यापूर्वी आपल्या माणसाजवळ हे तीन शब्द बोलून पाहा. आणि कोणी ते आपल्याजवळ बोललेच, तर उपदेशाची घाई करू नका. मी ती केली होती.