पकडायचा, सोडायचा... आणि त्यासाठी थेट गयाना!

रविवार, सकाळचे पावणेसात. शिवाजी पार्क. एका बाजूला क्रिकेटच्या नेट्स, दुसऱ्या बाजूला हास्य क्लब आणि मधोमध मी. हातात नऊ फुटी रॉड, त्याला पोपटी रंगाची जाडजूड दोरी आणि दोरीच्या टोकाला आईच्या लोकरीचा गुंडा. रॉड मागे, थांब, रॉड पुढे. दोरी हवेत मस्त वेलांटी घेणार आणि पन्नास फुटांवर अलगद पडणार, असा बेत. प्रत्यक्षात ती माझ्याच पोनीटेलमध्ये अडकते. वॉकला आलेल्या एका आजींनी तिसऱ्या रविवारी शेवटी विचारलंच, 'बाळ, पतंगाचा मांजा आहे का गं?'

नाही हो आजी. मी मासे पकडायची प्रॅक्टिस करतेय. दक्षिण अमेरिकेतल्या जंगलातले!

वीकएण्डला अलिबाग किंवा लोणावळा करणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांना हे जरा अतीच वाटेल, मान्य. पण त्याचं असं झालं की माझा दादा न्यू जर्सीला असतो. कोडिंग करतो, इएमआय भरतो आणि उरलेल्या वेळात कॅट्सकिलच्या डोंगरांतल्या बीव्हरकिल नदीत गुडघाभर पाण्यात उभा राहून ट्राउट पकडतो. अमेरिकेतल्या फ्लाय फिशिंगवाल्यांची ती पंढरीच. अख्ख्या सीझनमध्ये पकडलेले सगळे मासे त्याने सोडून दिले, हे ऐकून मालवणात आमच्या बाबांनी विचारलं होतं, 'सोडून देऊचो? मगे धरूचो कित्याक?'

हा प्रश्न लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

लहानपणी बाबा आम्हा दोघांना कोळंबच्या खाडीवर गरवायला न्यायचे. एक गरी, एक तंगूस, आमिषाला कोळंबी. तांबोशी लागली तर त्या रात्री घरात सण. दादाची फ्लाय रॉडची आणि माझी ही शिवाजी पार्कातली नाटकं, दोन्हींचं मूळ तिथलं. मागच्या वर्षी बाबांची बायपास झाली. व्हिसाच्या भानगडीमुळे दादा येऊ शकला नाही. व्हिडिओ कॉलवर आयसीयूची काच बघत बसला. त्यानंतर महिनाभराने, रात्री दीडला, त्याने मला एका नदीचा नकाशा पाठवला. खाली एकच ओळ: 'आपण दोघं. एकदा. जाऊया?'

नदीचं नाव रेवा. नर्मदेचं नाही का ते दुसरं नाव, तेच! पण ही रेवा गयानाची. क्रिकेटवाल्यांना गयाना सांगायला नको. रोहन कन्हाय, क्लाइव्ह लॉइड आणि डोक्यावर तेल थापलेल्या पोरासारखा गपगुमान तासन्‌तास खेळणारा आपला शिवनारायण चंदरपॉल, सगळे तिथलेच. दक्षिण अमेरिकेतला हा एकच देश जिथे सरकारी भाषा इंग्रजी आहे. ५ मे १८३८ रोजी 'व्हिटबी' आणि 'हेस्पेरस' ही जहाजं कलकत्त्याहून उसाच्या मळ्यांसाठी मजूर घेऊन तिथे लागली. आज तिथला सगळ्यात मोठा समाज त्या मजुरांच्या वंशजांचा आहे. म्हणजे राजधानी जॉर्जटाउनमध्ये डाळपुरी मिळणार, लग्नात पानावर सात प्रकारच्या करी वाढणार. आईला एवढं सांगितल्यावर तिचा अर्धा विरोध मावळला.

पण आपलं गाव जॉर्जटाउन नाही. तिथून छोट्या विमानाने देशाच्या पोटात, रुपुनुनी नावाच्या माळरानात अन्नाईला उतरायचं, मग होडीत बसून रुपुनुनी नदीवरून काही तास. जिथे रेवा तिला मिळते त्या संगमावर मकुशी आदिवासींचं गाव आहे. जेमतेम तीनेकशे वस्ती. २००५ मध्ये या गावाने स्वतःचं इको-लॉज काढलं. मालक गाव, आचारी गावातले, गाइड गावातले. कुठल्या कंपनीचा रिसॉर्ट नाही.

आणि मासा? अरापाइमा. बॉस, हे प्रकरण वेगळंच आहे. लांबी दोन-अडीच मीटर, क्वचित तीनच्या घरात. गोड्या पाण्यातल्या, खवलेवाल्या माशांत याच्याहून मोठा शोधून सापडायचा नाही. खवले इतके टणक की पिरान्हाचे दात सहज चालत नाहीत. लोक त्यांचा नखं घासायला वापर करतात. जीभ हाडाची. ब्राझीलमध्ये ती वाळवून चक्क किसणी म्हणून वापरतात. आमच्या आईने यावर 'खोवणीसारखी?' एवढंच विचारलं आणि माझ्या डोळ्यांसमोर तो मासा एकदम आमच्या मालवणच्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

पण खरी गंमत पुढे आहे. अरापाइमा हवेत श्वास घेतो. कल्ले पुरत नाहीत, म्हणून दर दहा-वीस मिनिटांनी त्याला वर यावंच लागतं. येतो, घोट घेतो, जातो. ही सवय त्याच्या जिवावर उठली. होडीत भाला घेऊन बसायचं आणि वाट बघायची, की झालं! मांसाला मागणी, पलीकडे ब्राझीलचं गिऱ्हाईक. शतकाच्या शेवटापर्यंत रुपुनुनीत हे मासे फार थोडे उरले. नंतर ज्या सवयीने मासा मेला तिच्याच जोरावर त्याची मोजदादही सुरू झाली. वीस मिनिटं तळ्याकाठी गप्प बसायचं आणि कोण कुठे वर आलं ते मोजायचं. आयुष्यभर भाला चालवलेल्या म्हाताऱ्यांना पाण्यावरच्या एका बुडबुड्यावरून कळतं, हा तोच मघाचा की दुसरा. ब्राझीलच्या मच्छीमारांनी आणि संशोधकांनी मिळून बसवलेली ही पद्धत इथेही आली.

गयानात अरापाइमा मारायला बंदी आहे. रेवाच्या लोकांनी त्यापुढे जाऊन ठरवलं की मेलेल्या माशाचे पैसे एकदाच मिळतात, जिवंत माशाचे दरवर्षी. त्यातून फ्लाय फिशिंग आलं. आकड्याला काटा नाही, मासा होडीत घ्यायचा नाही, वजनाला टांगायचा तर नाहीच नाही. गाइड स्वतः पाण्यात उतरून त्याला धरून ठेवतो. का? तर दमलेल्या अरापाइमाला हवा मिळाली नाही तर तो पाण्यात बुडून मरतो. मासा बुडून मरतो! तो वर तोंड काढून नीट श्वास घेईपर्यंत सोडायचा नाही.

बाबांना हे सगळं फोनवर सांगितलं. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, 'म्हणजे तुमच्या मजेसाठी त्याका दमवतात, आणि मगे सॉरी म्हणतात.'

खरं सांगू? याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. आमच्याकडे मासा म्हणजे जेवण. खेळ नव्हे. पैशांच्या हिशेबाने रेवाचं गणित मला शंभर टक्के पटतं. पण रॉड वाकलेला असताना, पलीकडे दीडशे किलोचा जीव श्वासासाठी धडपडत असताना मला मजा येईल की लाज वाटेल, हे तिथे गेल्याशिवाय कळणार नाही. दादा म्हणतो, तू लावू नकोस, नुसती बघ. बघू.

आता प्लॅनिंग! ज्यांना वाटतं तिकीट काढलं की झालं, त्यांनी जरा बसून घ्या.

आधी सीझन. मे ते ऑगस्ट तिथे धो-धो पाऊस. नदी माळरानावर पसरते, मासे जंगलात झाडांच्या बुंध्यांमधून हिंडतात. इतकं पाणी होतं की एसेक्विबो आणि अ‍ॅमेझॉन ही दोन वेगवेगळी खोरी काही काळ एकमेकांना भेटतात. तेव्हा मासा शोधणं म्हणजे दिवाळीत दादरला हरवलेली चप्पल शोधणं. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत पाणी उतरतं, नदीने सोडून दिलेल्या जुन्या वळणांची तळी होतात आणि अरापाइमा त्यांत अडकतात. जायचं ते तेव्हाच.

मग सुई. गयानासाठी पिवळ्या तापाची लस लागते आणि मुख्य म्हणजे परत येताना आपल्याच एअरपोर्टवर तिचं सर्टिफिकेट मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन. ही लस गल्लीतल्या डॉक्टरकडे मिळत नाही, सरकारमान्य केंद्रावर अपॉइंटमेंट घ्यावी लागते. सर्टिफिकेट लागू होतं दहा दिवसांनी, म्हणून आदल्या आठवड्यातली धावपळ उपयोगाची नाही. २०१६ पासून एकदा घेतली की जन्मभर चालते, हे एक बरं. मलेरियाच्या गोळ्या वेगळ्या. त्या डॉक्टरला विचारूनच.

सामान हा स्वतंत्र लेखाचा विषय. दादाचा ट्राउटचा रॉड पाच वेटचा, म्हणजे अरापाइमापुढे उदबत्तीची काडी. इथे बारा वेट लागतो. फ्लाय फिशिंगमध्ये आमिषाला वजन नसतं, वजन दोरीत असतं. दोरी फेकायची, फ्लाय तिच्यामागून फुकट जाते. हा फंडा डोक्यात शिरायला मला दोन रविवार लागले. दोरीही उष्ण हवेसाठी बनवलेलीच हवी, थंड पाण्यासाठीची तिथे शेवयांसारखी मऊ पडते. आणि मासा लागला की सगळ्यात मोठा मोह आवरायचा, रॉड वर उचलण्याचा. ट्राउटला ते चालतं. या हाडाच्या तोंडात आकडा रुतवायचा तर रॉड माशाकडे सरळ ठेवून डाव्या हाताने दोरी खस्सकन ओढायची. गरीला झटका देतात तशी. दादाला दहा वर्षांची सवय मोडावी लागणार आहे. मला सवयच नाही, म्हणून मी पुढे! (हे वाक्य त्याला फॉरवर्ड केलंय.)

पैसे. विचारू नका. चार लाखांची एफडी आहे, जी आई 'लग्नाची' म्हणते आणि मी 'घराच्या डिपॉझिटची'. विमान, लॉज, छोटं विमान, होडी, इन्शुरन्स असं मांडत गेले तर आकडा एफडीच्या पुढे निघून गेला. २०१९ च्या डिसेंबरपासून गयानात समुद्रातलं तेल निघायला लागल्यावर जॉर्जटाउनची हॉटेलंही तेलवाल्यांच्या हिशेबाने चालतात. फ्रीलान्सरला पगारी रजा नसते, तो तोटा धरलेलाच नाही. रॉड दादाचा, हा एकच डिस्काउंट.

त्यात आईने कुठेतरी बातमी ऐकली की शेजारचा व्हेनेझुएला हा सगळा भाग आपलाच म्हणतो. खरं आहे ते. एसेक्विबोच्या पश्चिमेचा प्रदेश, म्हणजे रेवासकट जवळपास दोन तृतीयांश गयाना. डिसेंबर २०२३ मध्ये व्हेनेझुएलाने त्यावर सार्वमतही घेतलं. रोजच्या जगण्यात गावाला त्याचा त्रास नाही म्हणतात, तरी तिकीट बदलता येणारंच काढायचं, हे माझ्या वहीत लाल पेनने लिहिलेलं आहे.

पण सगळ्यात मोठा दगड वेगळाच निघाला. मुंबईहून थेट विमान नाही. अमेरिकेतून जायचं तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. माझ्याकडे आहे. वहिनीच्या बाळंतपणाला आईसोबत गेले होते तेव्हाचा, दहा वर्षांचा. अडकला तो दादा! त्याच्या पासपोर्टावरचा एच-वन-बीचा शिक्का संपलाय. अमेरिकेत राहायला, नोकरीला हरकत नाही. पण गयानाला जाऊन परत शिरायचं तर नवा शिक्का हवा. पाच वर्षं तो भारतात आला नाही तो याच भीतीने. शिक्का अडकला तर नोकरी, घर, लेकीची शाळा सगळं तिकडे आणि हा इकडे. बाबा आयसीयूत असतानाही तो हेच गणित मांडत बसला होता आणि ते गणित मांडल्याबद्दल त्याने स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

मी सहज म्हटलं, 'गयानासाठी शिक्का लागणारच आहे, तर तो मुंबईतच घे ना. आधी इथे ये.'

फोनवर इतका वेळ काहीच आवाज नाही की मला वाटलं, रेंज गेली.

त्याने अपॉइंटमेंट घेतलीय. तारीख जानेवारीतली. शिक्का वेळेत मिळाला तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात, पावसाच्या आधीच्या शेवटच्या खिडकीत, आम्ही रेवाला. नाही मिळाला तर गयाना गेलं उडत आणि दादाचं काय होईल, यावर घरात कुणी बोलत नाही. लॉजला मी तारखा धरून ठेवायची विनंती केलीय, अ‍ॅडव्हान्स अजून भरलेला नाही.

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. एक, तो रॉड आणणार आहे ना? आणि दोन, मालवणात कधी पोचतोय?

रविवारी, म्हटलं.

पलीकडे कॅलेंडरची पानं उलटल्याचा आवाज आला. मग पुटपुटणं. तिथीची पाऊणपट, खाडीवरच्या माणसांचा भरतीचा जुना हिशेब.

'दशमी,' बाबा म्हणाले. 'साडेसाताक पाणी भरतला. त्याका सांग, झोपान रवा नको.'