दूध, भुरी आणि आजोबांचे बैल

‘सेंद्रिय’ हा शब्द आजकाल फार स्वस्त झाला आहे. गुळावर, साबणावर, अगदी फरशी पुसायच्या बाटलीवरही तो छापलेला असतो. तो दिसला की आपण पुढचं वाचतच नाही. सेंद्रिय आहे ना, मग कसली भीती, असं म्हणून वस्तू पिशवीत टाकतो. या शब्दाचा अर्थ मला नीट बघायला लावला तो आमच्या गच्चीवरच्या काकडीने, आणि तेही घरोघरी असणाऱ्या दुधाच्या निमित्ताने.

आमचे आजोबा जन्माचे शेतकरी. बेळगावच्या पश्चिमेला त्यांचं भाजीचं आणि बटाट्याचं शेत होतं. वाटण्या झाल्या, मग विक्री झाली आणि आजोबा शहरात आमच्याकडे राहायला आले. पहिलं वर्ष त्यांनी गॅलरीत बसून रस्ता बघण्यात काढलं. मी बी. एस्‌सी.ला आल्यावर आम्ही दोघांनी मिळून गच्चीवर अ‍ॅक्वापोनिक्स बसवलं. हजार लिटरची टाकी, तिच्यात पंचवीस रूपचंद मासे, शेजारी खडीने भरलेले दोन वाफे, एक पाण्याचा पंप आणि हवेचे बुडबुडे सोडणारा एक छोटा पंप. माती अजिबात नाही.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मासे खातात आणि त्यांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून अमोनिया पाण्यात येतो. तो साठला तर माशांना विष. खडीवर वाढणारे जिवाणू त्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट म्हणजे झाडांचं खत. झाडं ते घेतात आणि पाणी स्वच्छ होऊन परत टाकीत येतं. मासे, जिवाणू आणि झाडं या तिघांचा हा एकत्र संसार आहे. एकाला दिलेलं सगळ्यांच्या ताटात जातं.

आजोबांना हे समजायला पाच मिनिटं लागली. म्हणाले, “म्हणजे हे मासे माझे बैल की गं! शेण ह्यांचं, पीक आपलं.” तेव्हापासून आमच्या घरात माशांना बैलच म्हणतात. “बैलांना घातलंस काय?” असं सकाळी विचारलं की पाहुणे चक्रावतात.

मागच्या वर्षी पाऊस सरल्यावर आम्ही काकडीचे बारा वेल लावले. दिवसा कोरडी ऊब आणि रात्री दमट गारवा, हे हवामान आपल्याला छान वाटतं तसं ते भुरीलाही छान वाटतं. बाकीच्या बऱ्याच बुरशींना रुजायला ओलं पान लागतं, भुरीला हवेतला दमटपणा पुरतो. एका आठवड्यात खालच्या पानांवर पीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसू लागले.

आजोबांच्या हातात आयुष्यभर दोन हत्यारं होती. काकडी-दोडक्यावरच्या भुरीला गंधक, आणि बटाट्याच्या करप्याला मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण. दोन्हींची मात्रा त्यांना तोंडपाठ. पण इथे दोन्ही चालणार नव्हती. मोरचुदातलं तांबं अगदी थोडं जरी पाण्यात उतरलं तरी माशांचे कल्ले खराब करतं. गंधकाची पूड पाण्यात पडत राहिली तर जिवाणू तिचं हळूहळू आम्ल करतात. शेतात हे सगळं माती पोटात घेते. आमच्याकडे माती नव्हती.

आजोबा दोन दिवस गप्प होते. पानं उलटून बघायचे आणि खाली यायचे. ज्या माणसाने पन्नास वर्षं पिकं सांभाळली त्याला बारा वेलांसमोर हात बांधून उभं राहावं लागत होतं. ते गप्प बसणं मला भुरीपेक्षा जास्त लागलं.

दुधाचा उपाय मी वाचून आणला. ब्राझीलमधले संशोधक वॅग्नर बेट्टिओल यांनी १९९९ साली झुकिनी नावाच्या भोपळ्याच्या जातीवर गाईच्या दुधाची फवारणी करून बघितली होती. पाच टक्क्यांपासून पन्नास टक्क्यांपर्यंत वेगवेगळं दूध-पाणी, आठवड्याला एकदा किंवा दोनदा. दहा टक्के आणि त्यापुढचं दूध भुरीवर नेहमीच्या बुरशीनाशकांच्या तोडीचं ठरलं. पुढे ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेड इथे पीटर क्रिस्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्राक्षांवर काम केलं आणि २००६ साली दूध नेमकं काय करतं ते मांडलं. दुधातल्या प्रथिनांवर ऊन पडलं की ऑक्सिजनची काही फार उतावळी रूपं तयार होतात आणि त्यांच्यामुळे बुरशीचे नाजूक धागे कोलमडतात. म्हणजे औषध अर्धं दुधात आणि अर्धं उन्हात.

आजोबांना नवल वाटलं नाही. “आंबट ताक आम्ही मारतच होतो,” ते म्हणाले. आजीला मात्र पटलं नाही. “लिटरचा भाव बघा आधी. पोरांच्या चहातलं दूध पानाला घालतेस काय?” मग तिला हिशोब करून दाखवला: बारा वेलांना तीनशे मिलिलिटर फवारा पुरतो आणि त्यात दूध फक्त तीस मिलिलिटर. “एवढं मांजर पण पितंय,” असं म्हणून तिने परवानगी दिली.

आता खरा प्रश्न. झाडाला चालेल, पण बैलांचं काय?

शेजारचे काका म्हणाले, “दूधच आहे, विष आहे काय? पडलं टाकीत तर मासे गुटगुटीत होतील.” ऐकायला बरोबर वाटतं. म्हणून मी वही घेऊन बसले.

दूध पाण्यात पडलं की जिवाणू ते खातात, आणि खाताना पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. एक लिटर दूध असं कुजायला साधारण शंभर ग्रॅम ऑक्सिजन लागतो. एक लिटर गटाराच्या पाण्याला एक ग्रॅमसुद्धा लागत नाही. म्हणजे ऑक्सिजन गिळण्याच्या बाबतीत दूध सांडपाण्याच्या काही शे पट पुढे. आमच्या हजार लिटर टाकीत एका वेळी विरघळलेला ऑक्सिजन असतो जेमतेम सात-आठ ग्रॅम. एक लिटर फवाऱ्यातलं शंभर मिलिलिटर दूध पूर्ण टाकीत गेलं तर त्याला चार-पाच दिवसांत दहा ग्रॅम ऑक्सिजन हवा. शिवाय तेवढ्या दुधात सव्वातीन ग्रॅम प्रथिनं असतात. ती कुजली की सुमारे अर्धा ग्रॅम नायट्रोजन अमोनियाच्या रूपात मोकळा होतो. दुधावर पोसणारे जिवाणू झपाट्याने वाढतात, तर अमोनिया पचवणारे आपले खडीवरचे जिवाणू फार सावकाश. घाईची गर्दी झाली की कामाची माणसं बाजूला ढकलली जातात, तसंच ते.

हवेचा पंप चालू असतो तोवर हे निभावतं, कारण खर्चाबरोबर भरणाही होत असतो. पण आमच्या ओळखीच्या एका घरी असं झालं. त्यांनी भेंडीवर दूध फवारलं आणि उरलेला अर्धा पंप ‘पौष्टिक आहे’ म्हणून टाकीत ओतला. त्या रात्री वादळाने वीज गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. रात्री झाडंही ऑक्सिजन देत नाहीत, उलट मुळं तो वापरतात. सकाळी सगळे मासे पोट वर करून तरंगत होते. दुधाने मेले की विजेने, हा वाद त्या घरात अजून चालू आहे. मला दोन्ही खरं वाटतं. दुधाने शिल्लक खाल्ली आणि विजेने भरणा थांबवला.

ही गोष्ट आजोबांना सांगितली तेव्हा ते बराच वेळ टाकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “गोठ्यात कुणी फवारा मारतंय काय? बैल बाहेर काढायचे नाहीतर गोठा झाकायचा.” आणि तिथून पुढे काम त्यांनी हातात घेतलं. माझा हिशोब आणि त्यांचा हात, असं जमलं.

आधी त्यांनी भुरीने भरलेली खालची पानं कात्रीने काढून पिशवीत भरली. दूध भुरी थोपवतं, पांढरं झालेलं पान पुन्हा हिरवं करत नाही. मग जुनं मेणकापड वेलांच्या बुंध्याशी खाचा पाडून खडीवर अंथरलं आणि टाकीवरही झाकण घातलं. हवेचा पंप मात्र क्षणभरही बंद केला नाही. दूध साय काढलेलं आणि तापवून गार केलेलं घेतलं. साय असली की वास सुटतो आणि पाण्यात उतरलीच तर वर तवंग धरते. एक भाग दूध, नऊ भाग पाणी. जास्त दाट केलं तर पानावर भलतीच बुरशी चढते.

वेळ सकाळी आठची, म्हणजे ऊनही मिळतं आणि दहापर्यंत पानं वाळतात. वारा कुठून येतो ते आजोबांनी बोट ओलं करून बघितलं आणि टाकीकडे पाठ करून फवारायला लागले. पंपाचं तोंड आवळून धुक्यासारखा बारीक फवारा, पानाच्या दोन्ही बाजूंना, ओघळ येण्याआधी थांबायचं. “पान भिजवायचं, धुवायचं नाही,” हे त्यांचं वाक्य मी वहीत लिहून घेतलं. उरलेला घोटभर फवारा खाली अंगणातल्या कढीपत्त्याच्या मातीत गेला. दुसऱ्या दिवशी मी अमोनिया तपासला. आकडा रोजचाच होता.

आठवड्याला एकदा असं दीड महिना चाललं. बारापैकी दोन वेल आधीच फार गेले होते, ते काढून टाकले. बाकी दहांवर वरची नवी पानं बरीचशी स्वच्छ राहिली आणि काकड्या धरल्या. त्या तोडल्यावर नीट धुऊनच खातो. पालक, कोथिंबीर अशा पानंच खायच्या भाजीवर मात्र काढणी जवळ आली की आम्ही दूध मारत नाही. आणि केवडा रोगावर याचा भरवसा नाही, हेही सांगून ठेवते. तो वेगळाच प्रकार आहे.

या सगळ्यातून माझ्यापुरता ‘सेंद्रिय’चा अर्थ बदलला. सेंद्रिय म्हणजे निर्धोक नव्हे. सेंद्रिय म्हणजे जे सजीवापासून आलं, आणि म्हणून जे कुजणार. कुजायला श्वास लागतो, आणि तो कुणाच्या तरी वाट्यातून जातो. मोकळ्या शेतात तो वाटा इतका मोठा असतो की कुणी मोजत नाही. हजार लिटरच्या टाकीत तो मोजावा लागतो. दूध पानावर औषध आणि दोन फूट खाली पाण्यात घातक, यात दुधाचा दोष काहीच नाही.

आपल्या मंडळात गच्चीवर बाग करणारे बरेच जण आहेत, आणि एक-दोघांनी मासेही पाळलेत. त्यांना एवढंच सांगणं आहे की कुणी ‘घरगुती आहे, काही होत नाही’ म्हणालं तर टाकी किती लिटरची आणि वीज गेली तर हवा कोण देणार, हे दोन प्रश्न आधी विचारा. फवारणी त्यानंतर. हिशोब जुळत नसेल तर चार पानं काढून टाका, एखादा वेल जाऊ द्या. वेल महिन्याभरात पुन्हा वर चढतो. आजोबा म्हणतात तसं, पीक गेलं तर एक हंगाम जातो, बैल गेले तर शेती जाते.