घरोटावरचा स्वर

कागद जपावा कसा, हे धुळ्याने अवघ्या महाराष्ट्राला दाखवून दिले. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरच्या दिवशी धुळ्यास निवर्तले आणि पंधरवडा उलटण्यापूर्वीच, ९ जानेवारी १९२७ रोजी, त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले. शंकर श्रीकृष्ण देवांनी तर मठामठांतून रामदासी बाडे गोळा करून त्यांच्यासाठी समर्थ वाग्देवता मंदिर स्थापिले. त्याच १९२७ साली, आपल्याकडे पावसाळा चालू असता, अमेरिकेच्या डोंगराळ मुलखातील ब्रिस्टल गावी व्हिक्टर कंपनीच्या राल्फ पीअरने टोप्यांच्या एका जुन्या वखारीत ध्वनिमुद्रणाचे यंत्र मांडले आणि सारा व मेबेल कार्टर ह्या खेड्यातल्या स्त्रियांचा आवाज तबकडीवर उतरवून घेतला. तिकडच्या ग्रामीण गीतपरंपरेचा, ज्याला ते कंट्री संगीत म्हणतात त्याचा, इतिहास पुष्कळ जाणकार त्या तबकड्यांपासून मोजतात. त्या दिवसांत जळगावच्या चौधरी वाड्यात, सत्तेचाळिशीच्या उंबरठ्यावर असलेली एक विधवा शेतकरीण घरोटावर, म्हणजे जात्यावर, दळता दळता स्वतः रचलेली गाणी गात होती. तिच्यापुढे यंत्र कोणी मांडले नाही.

बहिणाबाई चौधरींचे चरित्र सरकारी दाखल्याच्या चार ओळींत मावेल इतके लहान आहे. जळगावापासून दोन कोसांवरील असोदे हे माहेर. जन्म २४ ऑगस्ट १८८०. तेराव्या वर्षी नथूजी चौधरींशी विवाह, तिशीत वैधव्य, पदरी तीन मुले. अक्षरओळख नाही. शेत, घर, चूल, घरोट ह्या चतुःसीमेत सारे आयुष्य गेले; आणि त्या चतुःसीमेत जे जे दृष्टीस पडले, पेरणी, मोट, सुगरणीचे घरटे, आखजीचा म्हणजे अक्षय्य तृतीयेचा झोका, ते ते सगळे तिने आठ-आठ अक्षरांच्या चरणांत बांधले. मला सर्वांत विलक्षण वाटते ते हे, की जिला एक अक्षर वाचता येत नव्हते, तिने जळगावच्या छापखान्यावरही गाणे रचले. कोऱ्या कागदाला शाई लागून तो शहाणा कसा होतो, ह्याचे जे कौतुक तिच्या मनात उमटले, ते शेकडो पुस्तके छापून घेतलेल्या ग्रंथकारांच्याही मनात उमटल्याचे माझ्या वाचनात नाही.

पुढे त्याच छापखान्याने तिला तारले. पुत्र सोपानदेव आणि त्यांचे मावसबंधू पितांबर चौधरी ह्यांनी तिच्या तोंडची गाणी वेळोवेळी वहीत उतरवली होती. ती वही सोपानदेवांनी संकोचाने आचार्य अत्र्यांपुढे ठेवली, आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. त्यापूर्वीच, ३ डिसेंबर १९५१ रोजी, बहिणाबाई जळगावी निवर्तल्या होत्या. सोपानदेवांचे ऋण फेडता येण्याजोगे नाही. त्यांनी न लिहिले असते, तर ही कवयित्री तिच्याबरोबरच दहनभूमीत संपली असती.

परंतु आपण वाचवले ते शब्द. १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटात वसंत पवारांच्या चालींतून, आणि पुढे यशवंत देवांच्या संगीतात उत्तरा केळकरांच्या गळ्यातून ही गाणी घरोघर पोहोचली, आणि त्या चाली मला प्रिय आहेत. तथापि त्या संगीतकारांच्या आहेत. घरोटाच्या घरघरीतून निघणारी तिची लय, घास टाकताना क्षणभर थांबणारा श्वास, दादर ज्वारी जड लागली की खाली येणारा स्वर, हे सर्व गेले. दळण हे त्या गाण्याचे निमित्त नव्हते. तो त्याचा ताल होता. शिंदखेडा तालुक्यातील एका खेड्यात मी एका आजीबाईंना लग्नाच्या हळदीचे गाणे नुसते सांगण्याची विनंती केली, तेव्हा दुसऱ्याच ओळीला त्या अडखळल्या; पुन्हा आरंभ केला, पुन्हा अडखळल्या. मग “घरोट फिरना म्हंजे गानं येस, भाऊ,” असे म्हणून त्या उठल्या, ओसरीच्या कोपऱ्यातल्या रिकाम्या घरोटापाशी बसल्या, खुंटा धरला, आणि दोन-चार फेरे होताच गाणे अखंड वाहू लागले. त्यांचे डोळे मिटलेले होते, आणि डावा हात, मूठभर दाणे नसतानाही, नेमक्या जागी घरोटाच्या मुखाकडे जात होता. वहीत उतरवताना हा हात कोठे लिहावयाचा?

असे आवाज जपण्याचे काम अशक्य नाही, ह्याची साक्ष पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ ह्यांनी दिली आहे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संग्रहित केल्या आणि पुष्कळशा प्रत्यक्ष आवाजात मुद्रित केल्या. आपल्या खानदेशात विजेच्या चक्कीने घरोट कोपऱ्यात गेला त्याला दोन पिढ्या झाल्या. ज्यांच्या हातांना तो फेरा अद्याप ठाऊक आहे, त्या बाया आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचे नाव देण्यात आले, हे योग्यच झाले; पण त्या नावाचा खरा मान ह्या आवाजांचे दप्तर उभारण्यात आहे, आणि ते व्हावे ही माझी त्या विद्यापीठाला विनंती आहे. तोवर वाचकहो, येत्या आखजीला, कानबाईच्या रोटांना, गुलाबाईच्या दिवसांत आपापल्या गावी जाल, तेव्हा आजीला घरोटापाशी बसवा, आणि खिशातल्या फोनवर तिचा आवाज, तिचे नाव, गाव आणि सालासह, नोंदवून ठेवा.