आकडे वहीत, नावं दादीकडं

आमच्या घरातल्या एका पिढीचे आम्ही सगळे, सख्खे, चुलत, आतेभाऊ-बहिणी, माधवनगरात एकाच सोप्यात वाढलो. आज कुणी पुण्यात आहे, कुणी भिवंडीत, कुणी मस्कतला. लग्नकार्याला जमलो की बोलणं गिरणीच्या भोंग्यावरून निघतं, मिरजेच्या मीरासाहेबांच्या उरुसात फिरून येतं आणि शेवटी रमजानातल्या हिशेबावर येऊन ठेपतं. घरात पैसा बेताचाच होता. पण त्या बेताच्या पैशात दुसऱ्याचं किती, हे दरसाल पै-पैनं मोजलं जायचं. ती मोजणी प्रत्येकाला आपापल्या कोपऱ्यातून आठवते.

माधवनगर तेव्हा गिरणीचं आणि मागांचं गाव. सांगलीच्या उत्तरेला, बुधगावच्या शेजारी, मिरज-पुणे रेल्वेवरचं स्टेशन. दादा, म्हणजे आमचे आजोबा, गिरणीत होते. पुढं घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये अब्बा आणि चाचांनी यंत्रमाग टाकले. बायका कांड्या भरायच्या, आम्ही पोरं तागे उचलायचो. मागांच्या खटखटीत बोलायची सवय लागल्यामुळं आमच्या घरातली माणसं आजही मोठ्यानं बोलतात. पैशाची एक गोष्ट मात्र कायम हळू आवाजात व्हायची, ती म्हणजे जकात, धनातला गरिबांचा ठरलेला वाटा.

रमजानच्या आधीचा शाबान महिना सरत आला की दादा लाल पुठ्ठ्याची वही काढायचे. जकातीचं वर्ष चांद्र, म्हणून हिशेबाचा दिवस दरसाल दहा-अकरा दिवस मागं सरकायचा. कधी तो भर उन्हाळ्यात यायचा, कधी ऐन पावसात. पानाच्या एका बाजूला हातातली रोकड, शिलकी सूत, बाजारभावानं तयार तागे आणि व्यापाऱ्याकडून नक्की यायची रक्कम. दुसऱ्या बाजूला सूतवाल्याचं देणं आणि कामगारांची थकलेली मजुरी. माग हिशेबात धरायचे नाहीत. राहतं घर, भांडीकुंडी, सायकल धरायची नाही. ज्या वस्तूवर पोट चालतं तिच्यावर जकात नाही. साठून राहिलेल्या धनावर आणि विकायच्या मालावर आहे. भांडवल आणि साठा यांतला फरक आम्हाला कॉलेजच्या आधी त्या वहीनं शिकवला.

देणं वजा जाऊन उरलेलं धन साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीला पोचलं आणि वर्षभरानंतरही तेवढं शिल्लक असलं, की ते घर देणाऱ्यांत मोडतं. सोन्याचं माप साडेसात तोळ्यांचं. हे तोळे जुने, साडेअकरा ग्रॅमहून थोडे जड. आजच्या दहा ग्रॅमच्या तोळ्यानं मोजलं तर गणित बिघडतं, हे दादा प्रत्येक सुनेला बजावून सांगायचे. ग्रॅममध्ये सांगायचं तर सोनं ८७.४८ आणि चांदी ६१२.३६. चांदीचं माप किमतीनं खालचं, म्हणून थोडं सोनं आणि थोडी रोकड बाळगणारं साधं घरही देणारं ठरतं. मग द्यायचं किती? चाळिसात एक. १०० ला अडीच, १ लाखाला २,५००. श्रीमंतालाही तोच दर, आमच्यासारख्यालाही तोच.

दागिने बाईचे, म्हणून त्यांची जकातही तिचीच. ती नवऱ्याच्या खात्यात ढकलायची नाही, हा दादीचा कायदा. हिशेबाच्या दिवशी ती दुपारच्या नमाजनंतर ट्रंकेतलं गाठोडं काढायची. सुती फडक्याच्या चार गाठी सोडल्या की आत बांगड्या, गळ्यातली सर, नातवंडांच्या वाळ्या आणि चांदीचे जाड तोडे. प्रत्येक नग तळहातावर घेऊन ती अंदाज बांधायची आणि मगच सांगलीला सराफाकडं वजनाला पाठवायची. तिचा अंदाज फारसा चुकत नसे. वर्षभर वाकळा शिवून मिळालेले पैसे ती या दिवसासाठी बाजूला ठेवायची. एका दुष्काळी वर्षी वाकळा शिवून घ्यायला कुणी आलं नाही, तेव्हा तिनं ते तोडे विकले, जकात दिली, उरलेल्या पैशांची ज्वारी भरली. घरातल्या कुणी हळहळ व्यक्त केली तर तिचं उत्तर ठरलेलं होतं: जे माझं नव्हतंच ते गेलं, माझं होतं ते ज्वारी होऊन आलं.

धाकट्या चाची रत्नागिरीच्या. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई पंथाचे आणि आम्ही हनफी. त्यांच्याकडं बाईच्या अंगावरच्या रोजच्या दागिन्यांवर जकात नाही, आमच्याकडं आहे. यावर चुलीपुढं रंगलेल्या चर्चा आम्ही ऐकल्या आहेत. दादीनं आणि चाचींनी एकमेकींचा मार्ग कधी खोटा ठरवला नाही. चाचींनी माहेरचा मसला सोडला नाही, पण दागिन्यांच्या अंदाजानं काही रक्कम सदका, म्हणजे ऐच्छिक दान, म्हणून त्या आपणहून दादीच्या हातात ठेवायच्या.

एवढं झालं की दादांचं काम संपायचं. वहीत रक्कम लिहिली जायची, तारीख लिहिली जायची, आणि ती कुणाला गेली हे कधीही लिहिलं जायचं नाही. ते सगळं दादीच्या डोक्यात.

कुराणानं जकातीला हक्कदार असे आठ प्रकार सांगितले आहेत. गरीब, अगदी निराधार, जकात गोळा करणारे, ज्यांची मनं जोडायची ते, गुलामीतून सोडवायची माणसं, कर्जात बुडालेले, अल्लाहच्या वाटेवरचे आणि वाटेत अडकलेला प्रवासी. दादीला ही यादी पाठ होती, पण तिचा जीव अडकायचा तो आणखी एका जागी. हात न पसरणाऱ्या, लाजेपायी सुखवस्तू दिसणाऱ्या गरिबाकडं कुराण मुद्दाम बोट दाखवतं. आमच्या बोलीत त्यांना सफेदपोश म्हणतात. दारावर येणाऱ्या फकिराला कुणीही देईल, सेहरीला उठवणाऱ्यालाही ईदला मिळेल. सफेदपोश माणूस मात्र शोधावा लागतो.

दादी शोधायची. चक्कीवर कुणाचा दळणाचा डबा अर्ध्यावर आला, कोण चहाची पुडी रोज सुटी घ्यायला लागलं, कोणती बाई कानात काही नाही म्हणून लग्नाला यायचं टाळते, कुणाचं पोर शाळेच्या वेळेत बॉबिन उचलताना दिसतं. वर्षभर तिची नजर अशी फिरत असायची आणि रमजान आला की यादी तयार असायची. रक्कम पोचवायला आम्हा पोरांना पाठवलं जायचं. कधी ती ईदी म्हणून जायची, कधी पोराच्या वह्या-पुस्तकांसाठी. घेणाऱ्याला ही जकात आहे असं सांगणं शरियतनं बंधनकारक केलेलं नाही; देणाऱ्याच्या मनात नियत असली की पुरे. या मोकळीकीचा दादीनं पुरेपूर उपयोग केला. निघताना ती एवढंच म्हणायची, "देको चुप आनेका." दान देऊन ते बोलून दाखवणारा आपलं दान मातीत घालतो, ही कुराणातली ताकीद तिनं आम्हाला अशी शिकवली.

नात्यातला नियमही तिथंच कळला. आईबाप, आजीआजोबा, मुलं, नातवंडं, नवरा-बायको यांना जकात देता येत नाही. त्यांना सांभाळणं हे तुमचं कर्तव्यच आहे, त्यात जकातीचा पैसा वापरून स्वतःचा भार हलका करायचा नाही. भाऊ, बहीण, चाचा, फुफी, खाला गरजू असतील तर त्यांना देता येते, आणि त्यात दुहेरी पुण्य मानलं आहे, दानाचं आणि नातं जपल्याचं. आमची मोठी फुफी वैधव्यानंतर दोन मुलांना घेऊन माधवनगरात वेगळी खोली करून राहिली. अब्बांची जकात कित्येक वर्षं तिच्याकडं गेली. फुफीच्या मुलांना हे ती गेल्यावर कळलं. त्यातला एक आज आमच्या पिढीतला सगळ्यात मोठी जकात काढणारा माणूस आहे.

शिक्षणासाठी हात सैल सोडायची रीत दादांकडून आली. त्यांचे मामू कोल्हापूरच्या मुस्लिम बोर्डिंगात राहून शिकले होते. १९०६ साली राजर्षी शाहू महाराजांनी मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी संस्था काढली, अध्यक्षपद स्वतःकडं घेतलं, आणि तिच्यातून हे बोर्डिंग उभं राहिलं. कुणीतरी आपल्याला शिकवलं म्हणून आपण कुणाला तरी शिकवायचं, हा हिशेब दादांना वहीत मांडावा लागला नाही.

ईदच्या आदल्या संध्याकाळी मात्र सगळं उघड आणि गजबजलेलं. सोप्यात तराजू टांगला जायचा आणि फितऱ्याचा, म्हणजे ईदआधी गरिबांना द्यायच्या दानाचा, गहू मोजला जायचा, माणशी पावणेदोन किलोच्या आसपास. ज्यानं रोजे धरले त्याचा, न धरलेल्या पोराचा, आणि ईदच्या पहाटेआधी जन्मलेल्या बाळाचासुद्धा. आपल्या नावाचा गहू पारड्यात पडताना बघायला आम्ही रांग लावायचो. ईदच्या नमाजला जाण्याआधी तो पोचला पाहिजे, कारण त्या घरातही सकाळी चूल पेटली पाहिजे आणि शेवया शिजल्या पाहिजेत. शेजारच्या जैन आणि लिंगायत घरांत आमच्याकडून शिरखुर्म्याचा कोरडा शिधा जायचा, शेवया, साखर, खारीक, चारोळी. त्यांनी तो आपल्या भांड्यात शिजवायचा आणि आम्हाला चव द्यायची.

गिरणी बंद पडली तेव्हा या सगळ्याची खरी परीक्षा झाली. भोंगा थांबला आणि गल्लीतले निम्मे बाप दिवसा घरी दिसायला लागले. किराण्याची उधारी चढली, सावकाराचं व्याज चढलं. त्या वर्षी दादांनी आठांतल्या कर्जदारांच्या वाट्यावर बोट ठेवलं. हनफी मसल्याप्रमाणे जकात गरजूच्या मालकीची व्हावी लागते, म्हणून दादा दुकानदाराला परस्पर पैसे देत नसत. रक्कम त्या माणसाच्या हातात ठेवायची आणि मग दोघांनी मिळून दुकानात जाऊन खातं मिटवायचं. जकातीचा पैसा मुसलमान गरिबांसाठी, अशी त्यांची समजूत आणि बहुतेक उलेमांचं मतही तसंच. पण सदका आणि कर्जे हसना, म्हणजे बिनव्याजी उसने, यांना धर्म विचारायचा नसतो. गिरणीत शेजारच्या साच्यावर काम केलेल्या मराठा, धनगर, महार सोबत्यांना दादांनी उसने दिले. अडचणीतल्या ऋणकोला सवड द्यावी आणि सोडून दिलं तर आणखी चांगलं, असं कुराण सांगतं. वहीतल्या त्या सालच्या उसन्यांच्या कितीतरी ओळींवर दादांनी आडवी रेघ मारलेली आहे, आणि ती परतफेडीची नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाशी ५७ फुटांवर गेलं. बकरी ईद १२ ऑगस्टला होती. दादा-दादी दोघंही तोवर गेलेले. आम्ही भावंडं फोनवर बोललो आणि पुढच्या रमजानची जकात तेव्हाच काढली. वर्ष पुरं व्हायच्या आत जकात आगाऊ देता येते, हे दादांच्या तोंडून ऐकलेलं होतं. सदक्याची रक्कम वेगळी उभी केली आणि ती पाण्यातून आलेल्या प्रत्येकासाठी, मग तो कुठलाही असो. रक्कम गोळा व्हायला वेळ लागला नाही. वेळ लागला तो कुणाला द्यायची हे ठरवायला. छावणीत रांग लावणाऱ्यापर्यंत मदत पोचत होती. कुपवाडला पाहुण्याच्या घरी संकोचानं राहिलेल्या, घरात चिखल झालेल्या मास्तरांपर्यंत कोण पोचणार? त्या वेळी आम्ही लाल वही उघडून बसलो. वर्षानुवर्षांचे आकडे होते. नाव एकही नव्हतं.

ते नसणंच बरोबर होतं. घेणाऱ्याची अब्रू राखण्यासाठी दादांनी नावांची जागा कोरी ठेवली होती. पण त्यामुळं एक गोष्ट आम्हाला लख्ख कळली. रक्कम काढायची पद्धत वारशानं मिळते, माणूस ओळखायची नजर वारशानं मिळत नाही. ती प्रत्येक पिढीला आपल्या गल्लीत फिरून कमवावी लागते.

आज आमची मुलं मोबाईलवर जकातीचा हिशेब करतात आणि दिल्ली-मुंबईच्या मोठ्या संस्थांना रक्कम पाठवतात. त्या संस्था दवाखाने आणि शिष्यवृत्त्या चालवतात, ते एका घराच्या आवाक्यातलं काम नाही, आणि त्यांना जरूर द्यावं. पण पैगंबरांनी मुआज यांना येमेनला पाठवलं तेव्हा तिथल्या धनवंतांकडून घेऊन तिथल्याच गरिबांना परत द्यायला सांगितलं होतं. म्हणून नातेवाईक किंवा जास्त गरजू असल्याखेरीज जकात आपल्या गावाबाहेर नेऊ नये, असं फकिहांचं, म्हणजे धर्मशास्त्र जाणणाऱ्यांचं, मत आहे. दौलत श्रीमंतांच्या श्रीमंतांतच फिरत राहू नये हा कुराणाचा हेतू, आणि तो आपल्या गल्लीपासून सुरू होतो.

आता आम्ही भावंडांनी एक रीत पाडली आहे. शाबानमध्ये फोन होतो आणि रकमेचं बोलणं नंतर. आधी प्रत्येक घरानं, विशेषतः पोरांनी, न मागणारं एक कुटुंब सांगायचं आणि त्याची अडचण काय आहे हेही सांगायचं: फी, औषध, सुताचं देणं, भाडं. ज्याच्याकडं नाव नाही, त्यानं रमजान लागायच्या आत माधवनगरला चक्कर मारायची, चक्कीवर थांबायचं, मागांच्या शेडमध्ये बसायचं, लोकांशी बोलायचं. नावं अजूनही लिहीत नाही, ती ज्याची त्यानं लक्षात ठेवायची. दादीचं काम एका माणसाच्या डोक्यात राहिलं म्हणून तिच्याबरोबर गेलं. ते घरातल्या प्रत्येकाच्या डोक्यात राहायला हवं.